अ‍ॅम्पची लाइट लागते, टेपवर गाणं पळतंय, मग आवाज का येत नाही? गाडीतल्या मुक्या अ‍ॅम्प्लिफायरचं गणित

नोव्हेंबर उजाडला की सातारा आणि सांगली जिल्ह्यातल्या गावांमध्ये एक गोष्ट ठरलेली असते. उसाचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचं गाणं ऐकू येतं. मागे दोन ट्रॉल्या, त्यात शिगेला लावलेला ऊस आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या छपराला बांधलेले स्पीकर. कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत नंबर लागायला कधी कधी अख्खी रात्र जाते. तेवढा वेळ झोप लागू नये म्हणून टेप हवाच, असं ड्रायव्हर मंडळींचं म्हणणं असतं.

हो, टेपच. कॅसेट जाऊन जमाना झाला, मग सीडी गेली, पेन ड्राइव्हही आता मागे पडला आणि गाणी ब्लूटूथवर आली. तरी एमएच ११ असो, एमएच ५० असो की एमएच १०, गाडीतल्या त्या डब्याला सगळे टेपच म्हणतात. आणि त्या टेपचा आवाज मोठा करणारा जो दुसरा डबा सीटखाली किंवा डिकीत असतो, तो अ‍ॅम्प.

तर विषय असा आहे की एक दिवस हा अ‍ॅम्प मुका होतो. टेपचा डिस्प्ले चालू आहे, गाणं पळतंय, अ‍ॅम्पची लाइट पण लागली आहे, आवाज मात्र शून्य. गाडी दुकानात नेली की दोन मिनिटांत निकाल लागतो, ‘अ‍ॅम्प गेला, नवा टाका.’

हे वाक्य महाग पडतं. कारण आवाज बंद होण्याची बरीचशी कारणं अ‍ॅम्पच्या बाहेर असतात. एखादी गंजलेली जोडणी, सुटलेली वायर, टेपमध्ये चुकून दाबलं गेलेलं बटण. ती तशीच राहिली तर नवा अ‍ॅम्पही मुकाच बसतो. आणि दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ज्या चुकीमुळे आवाज जातो, त्याच चुकीमुळे कधी कधी वायर तापते आणि गाडी पेट घेते.

अ‍ॅम्प करतो तरी काय?

टेपच्या खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ असं ठळक छापलेलं असतं. ते फार मनावर घेऊ नका. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना मिळतात साधारण १४ व्होल्ट. एवढ्या व्होल्टेजवर ४ ओहमच्या एका स्पीकरला सलग मिळू शकणारी ताकद हिशेबाने पंचवीसेक वॉटच्या पुढे जातच नाही. प्रत्यक्षात ती १८ ते २२ वॉट भरते. ५० हा क्षणभराच्या कमाल ताकदीचा आकडा असतो.

जास्त आवाज हवा तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि ते काम अ‍ॅम्प करतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या योजना कशा चालतात हे या भागात कुणाला सांगायला नको. कृष्णेचं पाणी आधी पंपाने वर उचलायचं, मग कालव्याने सोडायचं. अ‍ॅम्पचंही तसंच आहे. त्यातला पहिला भाग बॅटरीचे १२ व्होल्ट वर उचलतो. दुसरा भाग टेपकडून आलेल्या बारीक सिग्नलच्या तालावर ती ताकद स्पीकरला सोडतो. पहिला भाग उपाशी राहिला तर पुढे काहीच जात नाही.

आणि त्याची भूक मोठी आहे. खरोखर ५०० वॉट देणारा आजचा डी क्लास अ‍ॅम्प पूर्ण जोरात असताना बॅटरीकडून साधारण ४५ अँपिअर करंट ओढतो. जुन्या एबी क्लासच्या अ‍ॅम्पला तेवढ्याच आवाजासाठी ६० लागतात. गाडीच्या हेडलाइटचा एक साधा बल्ब साडेचार-पाच अँपिअर खातो. म्हणजे एका अ‍ॅम्पसाठी नऊ-दहा हेडलाइट लावल्यासारखं झालं. म्हणूनच त्याला करदोड्यासारखी बारीक वायर चालत नाही.

अ‍ॅम्प चालू व्हायला तीन वायर लागतात. थेट बॅटरीपासून येणारी जाड लाल, गाडीच्या पत्र्याला जाणारी तेवढीच जाड काळी, म्हणजे अर्थिंग, आणि टेपकडून येणारी बारीक निळी, जिला रिमोट म्हणतात. टेप चालू झाला की निळ्या वायरमधून १२ व्होल्ट येतात आणि अ‍ॅम्पला कळतं की आता उठायचं. या तिघींपैकी एकही रुसली की खेळ खल्लास.

आधी लाइट बघा

काहीही उघडायच्या आधी अ‍ॅम्पवरची लाइट बघायची. लाइट लागतच नाही, लाल लागते की हिरवी अथवा निळी लागते, यावर पुढचा शोध कुठे घ्यायचा ते ठरतं. काही अ‍ॅम्पवर रंग वेगळे असतात, पण लाल किंवा ‘प्रोटेक्ट’ लिहिलेली लाइट म्हणजे अ‍ॅम्पने स्वतःला वाचवण्यासाठी बंद केलं आहे, हे जवळपास सगळीकडे सारखंच.

हत्यारं फार लागत नाहीत. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक पेन्सिल सेल, स्क्रू ड्रायव्हर आणि हातभर वायर. ज्यांच्याकडे मल्टिमीटर नाही त्यांनी शेतातल्या मोटारीचं काम करणाऱ्या वायरमनकडून तासाभरासाठी मागून आणला तरी चालतो.

लाइटच लागत नाही, तेव्हा

मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. लाल काडी अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्हला, काळी त्याच्या अर्थिंगच्या स्क्रूला. साडेबाराच्या आसपास आकडा आला तर दोन्ही जाड वायर किमान जोडलेल्या आहेत. शून्य आला तर काळी काडी तिथून काढून गाडीच्या एखाद्या उघड्या लोखंडी बोल्टला लावायची. आता आकडा आला तर दोष अर्थिंगचा. तरीही शून्य असेल तर बॅटरीजवळचा फ्यूज बघायचा.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून पास करू नका. पट्टी शाबूत दिसते, पण होल्डरमध्ये हिरवा गंज धरलेला असतो आणि करंट पुढे जात नाही. फ्यूजच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून बघायचं. एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला शून्य असेल तर तोच चोर.

दोन्ही जाड वायर ठीक निघाल्या तर निळीकडे वळायचं. टेप चालू ठेवून तिच्यावर १२ व्होल्ट येतात का ते बघायचं. येत नसतील तर हातभर वायरने अ‍ॅम्पचा पॉझिटिव्ह आणि रिमोट हे दोन स्क्रू क्षणभर जोडायचे. जोडताना वायरचं टोक शेजारच्या अर्थिंगला किंवा पत्र्याला लागता कामा नये. अ‍ॅम्प जागा झाला, तर तो ठणठणीत आहे आणि बिघाड टेपपासून येणाऱ्या निळ्या वायरमध्ये आहे. दहा मिनिटांच्या या तपासणीने अख्ख्या अ‍ॅम्पचे पैसे वाचू शकतात.

इथे एक गंमत होते. टेपच्या मागे बऱ्याचदा दोन निळ्या वायर असतात. पांढरी रेघ असलेली निळी अ‍ॅम्पसाठी, आणि साधी निळी वर-खाली होणाऱ्या मोटारच्या अँटेनासाठी. काही टेपमध्ये ही साधी निळी फक्त एफएम चालू असतानाच जिवंत असते. त्यामुळे रेडिओ लावला की दणदणीत आवाज आणि ब्लूटूथ लावलं की शांतता, असा प्रकार दिसला तर टेप बदलायची गरज नाही, निळी वायर बदलून जोडायची.

काही जण या कटकटीला कंटाळून रिमोटचा स्क्रू कायमचा बॅटरीलाच जोडून टाकतात. मग अ‍ॅम्प रात्रभर जागा राहतो आणि दोन-चार दिवस गाडी उभी राहिली की धक्का मारायला माणसं गोळा करावी लागतात.

अर्थिंग, म्हणजे निम्म्या भांडणांचं मूळ

अ‍ॅम्पला बॅटरीकडून जेवढा करंट येतो, तेवढाच पत्र्यातून परत जायला हवा. लोक लाल वायर चांगली आणतात आणि काळीसाठी जे घरात असेल ते वापरतात. तीही कुठल्या तरी रंग लावलेल्या पत्र्यावर स्क्रूने आवळतात. रंग म्हणजे करंटसाठी भिंतच.

गणित सोपं आहे. जोडणीत फक्त ०.१ ओहमचा अडथळा असला आणि अ‍ॅम्पने ४० अँपिअर ओढले, तर तिथेच ४ व्होल्ट खाल्ले जातात. इंजिन चालू असताना मिळणाऱ्या १४ पैकी अ‍ॅम्पच्या वाट्याला उरले १०. बहुतेक अ‍ॅम्प एवढ्या कमी व्होल्टेजवर बंद पडतात. म्हणूनच आवाज कमी असेपर्यंत सगळं ठीक चालतं, ढोलाचा ठेका आला की अ‍ॅम्प बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. असं झालं की समजायचं, अर्थिंग किंवा बारीक वायर.

मीटर ओहमवर ठेवून हा दोष सापडत नाही, कारण ०.१ ओहम साध्या मीटरला नीट दिसतच नाही. त्यासाठी इंजिन आणि गाणं दोन्ही चालू ठेवायचं, आवाज वाढवायचा आणि मीटरची एक काडी अ‍ॅम्पच्या अर्थिंग स्क्रूला, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावायची. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर जोडणी खोलून करायची. रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडायचा, चांगला बोल्ट आणि दातेरी वॉशर लावायचा, वरून ग्रीस फासायचं. वायर हातभरापेक्षा लांब ठेवायची नाही. आणि सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग कधीच द्यायचं नाही, तो बोल्ट तुमचा जीव धरून ठेवण्यासाठी आहे.

हा गंजाचा प्रश्न सांगली आणि साताऱ्यात जरा जास्तच आहे, आणि त्याला कारण आहे.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या पलीकडे गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात पाणी शिरलं. अशा पुरात शेकडो गाड्या बुडतात, मग धुऊन-वाळवून रस्त्यावर येतात, काही विकल्या जातात. इंजिन खोललं जातं, सीट कव्हर बदललं जातं, पण सीटखालच्या आणि डिकीच्या तळाशी असलेल्या जोडण्या कुणी बघत नाही. अ‍ॅम्प नेमका तिथेच असतो. गढूळ पाण्याचा गाळ सॉकेटमध्ये बसतो, तांबं हळूहळू हिरवं पडतं आणि वर्ष-दोन वर्षांनी अ‍ॅम्प ‘उगाचच’ बंद पडतो. जुनी गाडी घेताना गालिचा उचलून खालचा पत्रा आणि अर्थिंगचे बोल्ट बघितले, तर गाडी पाण्यात बसली होती का याचाही अंदाज येतो.

साताऱ्यात एकाच जिल्ह्यात दोन टोकं आहेत. महाबळेश्वर-पाटणकडे चार महिने ओल, माण-खटावकडे ऊन आणि धूळ. ओल जोडण्या खाते, ऊन अ‍ॅम्प तापवतं.

ट्रॅक्टरचा आणि ट्रकचा वेगळाच ताप

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे कारचा टेप आणि अ‍ॅम्प त्यावर चालतो. पण ट्रॅक्टरचे हादरे कारच्या कितीतरी पट. उसाच्या फडातून दोन ट्रॉल्या ओढताना प्रत्येक स्क्रू सैल होत जातो. म्हणून ट्रॅक्टरचा आवाज गेला तर मीटर काढायच्याही आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवायचा आणि एकेक स्क्रू आवळून बघायचा. वायर नुसती पिळून स्क्रूखाली दाबलेली असेल तर तिला थिंबल लावून घ्यायचं.

ट्रकचं मात्र जपून. मोठ्या ट्रकमध्ये १२ च्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्यावर थेट १२ व्होल्टचा अ‍ॅम्प जोडला तर तो आवाज न करता जातो, किंवा एकदाच मोठा आवाज करून जातो. यावर मिस्त्री लोकांनी काढलेला जुगाड म्हणजे दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घ्यायचे. चालतं, पण एक बॅटरी सतत उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि शेवटी दोन्ही लवकर बाद होतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावणं हाच नीट उपाय. तो घेताना वॉट नाही, अँपिअर बघायचे.

लाल लाइट लागते, तेव्हा

अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये गेला याचा अर्थ तो मेला असा नाही. त्याला कुठेतरी धोका दिसला, म्हणून त्याने दार लावून घेतलं.

हा धोका आत आहे की बाहेर, हे शोधायची सोपी रीत आहे. टेप बंद करून अ‍ॅम्पच्या सगळ्या स्पीकर वायर आणि आरसीए केबल काढायच्या. फक्त लाल, काळी आणि निळी ठेवायची. आता टेप चालू करायचा. लाल लाइट गेली नाही तर बिघाड अ‍ॅम्पच्या पोटात आहे, बहुतेक वेळा शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर. लाइट हिरवी झाली तर अ‍ॅम्प निर्दोष. मग टेप बंद करून एकेक स्पीकर जोडत जायचं, प्रत्येक वेळी चालू करून बघायचं. ज्या स्पीकरला लाइट लाल होईल, तो किंवा त्याची वायर दोषी.

कारमध्ये ही वायर बहुतेक वेळा दाराच्या बिजागरीजवळ तुटलेली सापडते. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, रबरी नळीतली वायर सोलते आणि पत्र्याला लागते. ट्रॅक्टरमध्ये ती छपराच्या पाइपला घासून सोलते.

दुसरं कारण ओहमचं. वूफर किंवा बेस ट्यूब विकत घेताना कुणी ओहम विचारत नाही, सगळे इंच विचारतात. बऱ्याच वूफरमध्ये ४-४ ओहमच्या दोन कॉइल असतात. त्या समांतर जोडल्या की २ ओहम होतात, एकापाठोपाठ जोडल्या की ८. अनेक अ‍ॅम्प दोन चॅनल एकत्र, म्हणजे ब्रिज करून चालवताना ४ ओहमच्या खाली जायला परवानगी देत नाहीत. तिथे २ ओहमचा वूफर लावला की करंट दुपटीने ओढला जातो, अ‍ॅम्प तापतो आणि बंद होतो. थोड्या वेळाने गार झाला की पुन्हा सुरू. लोक म्हणतात, ‘अ‍ॅम्पला सवय आहे तशी.’ सवय वगैरे काही नाही, जोडणी चुकली आहे.

नुसत्या उष्णतेनेही असं होतं. जतच्या एप्रिलमध्ये काचा लावून उन्हात उभी असलेली गाडी आतून भट्टी झालेली असते. त्यात अ‍ॅम्प डिकीच्या गालिच्यात गुंडाळलेला, वर पोती. अ‍ॅम्पच्या पाठीवरचे अॅल्युमिनियमचे पंख हवा लागण्यासाठी असतात, त्यांच्या चारही बाजूंना तीन-चार बोटं मोकळी जागा हवी.

हिरवी लाइट, तरीही शांतता

हा प्रकार सगळ्यात चक्रावून टाकणारा, आणि बऱ्याचदा सगळ्यात स्वस्तात सुटणारा. अ‍ॅम्पला वीज मिळते आहे, धोका काही नाही. म्हणजे एकतर सिग्नल येत नाही किंवा आलेला पुढे जात नाही.

आधी टेपच्या सेटिंगमध्ये जायचं. फेडर पूर्ण पुढे सरकवलेला असेल तर मागचे स्पीकर गप्प बसणारच. ‘सबवूफर ऑफ’ असा पर्याय बऱ्याच टेपमध्ये असतो आणि बॅटरी काढून लावली की काही टेप मूळ सेटिंगवर जातात. म्हणजे बॅटरी बदलल्यानंतर वूफर बंद पडला, तर पहिला संशय इथेच घ्यायचा. मोबाइलचा ब्लूटूथ आवाज शून्यावर असणं हेही कारण निघालेलं आहे, हसू नका.

मग अ‍ॅम्पवरचा बारीक स्विच बघायचा. त्यावर एलपी आणि एचपी असं लिहिलेलं असतं. एलपी म्हणजे फक्त खालचे जाड सूर जाऊ देणार, एचपी म्हणजे फक्त वरचे. दाराच्या छोट्या स्पीकरच्या चॅनलला एलपी लागला आणि त्याचा आकडा अगदी खाली असला, तर त्या स्पीकरमधून जवळपास काहीच ऐकू येत नाही. सामान काढता-ठेवताना हा स्विच सहज सरकतो.

त्यानंतर टेपला बाजूला ठेवून तपासायचं. साडेतीन मिलिमीटरच्या पिनेची आरसीए केबल बाजारात सहज मिळते. आवाज कमी ठेवून मोबाइलचं गाणं थेट अ‍ॅम्पला द्यायचं. ज्या मोबाइलला ते भोक नाही, त्याला छोटा कनेक्टर लावायचा. निळी वायर जिवंत राहण्यासाठी टेप चालूच ठेवायचा. गाणं वाजलं तर अ‍ॅम्प आणि स्पीकर दोन्ही ठीक, दोष टेपच्या मागच्या आरसीए पिनेत किंवा गालिच्याखालून आलेल्या जुन्या केबलमध्ये. नाही वाजलं तर पुढचा संशयित स्पीकर.

स्पीकरसाठी मिस्त्री लोकांची जुनी युक्ती आहे, पेन्सिल सेलची. स्पीकरच्या दोन्ही वायर अ‍ॅम्पवरून काढायच्या आणि दीड व्होल्टच्या सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायच्या. ‘टक’ असा आवाज आला आणि कागद हलला, तर स्पीकर जिवंत. मीटरवर ४ ओहमचा स्पीकर साधारण सव्वातीन ते पावणेचार दाखवतो. आकडाच येत नसेल तर कॉइल जळून तुटली आहे. एकदम सगळे स्पीकर जळणं मात्र दुर्मीळ. चारही एकाच वेळी गप्प झाले असतील तर स्पीकर सोडून द्यायचे आणि सामाईक जागा शोधायची, म्हणजे वीज, रिमोट, टेप.

कंपनीच्या टचस्क्रीनला बाहेरचा अ‍ॅम्प जोडला असेल तर एक गोष्ट वेगळी असते. या स्क्रीनला बऱ्याचदा आरसीए आणि निळी वायर नसतेच. मग स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घेऊन तो बारीक करणारा छोटा कन्व्हर्टर बसवलेला असतो, डॅशबोर्डमागे कुठेतरी चिकटवलेला. गाडी कुणी, कधी सजवली हे आठवत नसेल तर तो डबा आधी शोधा. त्याची अर्थिंग सुटली तरी सगळं बंद.

इथे हात लावू नका

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळणं, किंवा ३० च्या जागी ६० चा फ्यूज टाकणं, हे प्रकार गॅरेजमध्ये बिनदिक्कत चालतात. मुळात बॅटरीजवळचा फ्यूज अ‍ॅम्प वाचवण्यासाठी नसतोच, तो वायर वाचवण्यासाठी असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत चार-पाच मीटर लाल वायर जाते. मध्ये कुठे ती सोलून पत्र्याला लागली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि वायर काही क्षणांत लालबुंद होते. तिच्या शेजारी गालिचा, फोम आणि काही ठिकाणी पेट्रोलची नळी. म्हणून हा फ्यूज बॅटरीपासून वायरच्या ४५ सेंटीमीटरच्या आत हवा. डिकीत, अ‍ॅम्पच्या शेजारी लावलेला एकटा फ्यूज या वायरला वाचवत नाही. पट्टीच्या फ्यूजचे रंग लक्षात ठेवा : १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. निघेल त्याच रंगाचा परत टाकायचा.

पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते ओढायचे नाहीत आणि त्यांना मीटरही लावायचा नाही. ते एअरबॅगचे असतात. तिथे काम असेल तर बॅटरी काढून, माहीतगार माणसाकडूनच.

अ‍ॅम्प खरंच गेला असेल तर?

तिन्ही वायरवर नीट व्होल्टेज आहे, सगळे स्पीकर काढूनही लाल लाइट जात नाही, किंवा मोबाइलचा सिग्नल देऊन, दुसरा चांगला स्पीकर लावूनही काही ऐकू येत नाही, तेव्हाच अ‍ॅम्प गेला असं म्हणायचं. तेव्हाही तो लगेच भंगारात टाकू नये. बहुतेक वेळा आतले दोन-चार ट्रान्झिस्टर किंवा फुगलेले कपॅसिटर बदलून तो उठतो. पण हे काम गाडी सजवणाऱ्या दुकानात होत नाही, त्यासाठी टीव्ही-अ‍ॅम्प्लिफायर खोलणारा इलेक्ट्रॉनिक्सचा जुना मिस्त्री गाठावा लागतो. एवढं बघून घ्या की जळका वास येतो का आणि बोर्ड काळा पडला आहे का. तांब्याचे ट्रॅकच उडाले असतील तर दुरुस्तीत अर्थ नाही.

आणि आवाज परत आल्यावर

इथे पोलीस आणि आरटीओचा विषय येतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे आवाजाचे निकष मोडणारं वाहन रस्त्यावर चालवलं तर पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उसाचा ट्रॅक्टर नेमका रात्रीच धावतो, त्यामुळे टेपवाल्या ट्रॅक्टरवरच्या कारवाईच्या बातम्या हंगामात येतच राहतात. त्यात खरा धोका दंडाचा नाही. मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न, ट्रॉलीच्या पिनेचा बदललेला आवाज, फुटलेला टायर, यातलं काहीच ड्रायव्हरला ऐकू येत नाही.

साताऱ्याने मोठ्या आवाजाची दुसरी बाजूही बघितली आहे. २०१४ च्या गणेश विसर्जन मिरवणुकीत भिंत कोसळून तिघांचा जीव गेला आणि डॉल्बीच्या दणक्याने ती पडल्याचा आरोप झाला. त्यानंतर जिल्ह्यात डॉल्बीबंदीचा वाद पेटला, तो अजून अधूनमधून डोकं वर काढतो. जाता जाता एवढंच, की रे डॉल्बी या इंजिनिअरने १९६५ मध्ये काढलेली कंपनी नावारूपाला आली ती रेकॉर्डिंगमधली खरखर कमी करण्यासाठी. भिंती हादरवणाऱ्या स्पीकरशी तिचा संबंध नाही, पश्चिम महाराष्ट्राने ते नाव परस्पर देऊन टाकलं.

राहता राहिला गेन. आवाज येत नाही म्हणून शोधाशोध करताना प्रत्येक जण अ‍ॅम्पवरची गेनची चकती शेवटपर्यंत फिरवून बघतो. मग वायर सापडते, जोडली जाते आणि पहिल्याच गाण्याला ट्वीटर जळतो. गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही, टेपचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांचा मेळ घालणारी ती चकती आहे. मिरजेच्या ज्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची जवारी कारागीर कानाने लावतो. गेनसाठीही कानच वापरायचा.

शेवटची वायर जोडण्याआधी गेन पूर्ण खाली, टेपचा आवाज शून्यावर आणि बेस बूस्ट बंद करायचा. मग ओळखीचं, स्वच्छ आवाजाचं गाणं लावून टेपचा आवाज पाऊण पट्टीवर न्यायचा. गेन हळूहळू वाढवत जायचा. गायकाचा आवाज जिथे किंचित फाटायला लागेल तिथे थांबून चकती थोडी मागे घ्यायची, आणि तिथे पेनाने खूण करून ठेवायची.